हॅटवर चिनीमाती उतरवायची, तर नक्षी सर्वांत शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐतिहासिक चिनीमातीच्या भांड्यांवरून आजच्या हॅट्स कशा घडवाव्यात, यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मराठीत या विषयाला पानभर जागा मिळाली याचा आनंद आहेच. पण लेखात नवशिक्यांना दिलेले तीन सल्ले असेच सोडून देण्यासारखे नाहीत. भांड्यावरच्या नक्षीचे छायाचित्र कापडावर छापून घ्या, जमेल तिथे खऱ्या चिनीमातीचे तुकडे चिकटवा आणि चकाकी हवी तर वरून रेझिन ओता, असे ते सल्ले आहेत. तिन्ही पाळले तर हॅट जड होते, कडक होते आणि तरीही भांड्यासारखी दिसत नाही. असे का होते आणि त्याऐवजी काय करावे, हे सविस्तर लिहितो आहोत.

भांड्याचे रूप नक्षीच्या कितीतरी आधी ठरलेले असते. माती कोणती घेतली, ती चाकावर चढवली की साच्यात ओतली, रंग झिलईच्या (भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या) खाली आहे की वर, दोन भाग जोडले असतील तर जोड कुठे दडवला, यांतून ते रूप येते. हॅटलाही तिची माती असते: फेल्ट (दाबून घट्ट केलेली लोकर), सिनामे (वनस्पतीच्या तंतूंचे विरळ कापड), बकरम (खळ दिलेले ताठ जाळीदार कापड) किंवा गवती विणकाम. तिलाही साचा असतो, तो म्हणजे लाकडी ठोकळा. तिचेही जोड असतात आणि ते लपवावे लागतात. भांड्याची एकेक कृती घ्यायची आणि हॅटच्या कामात तिची जोडीदार कृती शोधायची, हीच रचनेची खरी वाट. छापील नक्षी या सगळ्याला बगल देते, म्हणून छापलेली हॅट भांड्याच्या चित्रासारखी दिसते.

पहिला प्रश्न दिशेचा. वाडगा पालथा घातला की हॅटचा माथा होतो आणि वाडग्याच्या तळाची कडी सर्वांत वर येते. ती तशीच ठेवावी. झिलई न लागलेली ती खरखरीत कडी हे भांड्याचे फार बोलके अंग आहे आणि कच्च्या मातीच्या रंगाची जाड दोरी वर्तुळात शिवून ते सहज साधते. पण वाडग्यावर वेल वर चढत असेल तर पालथ्या हॅटवर तो खाली लोंबतो, म्हणून नक्षी उलटी करून मांडावी लागते. बशीवरून हॅटची रुंद कड करताना चूक वेगळीच होते. बशी आपण वरून पाहतो, तर हॅट समोरच्या माणसाला डोळ्याच्या उंचीवरून दिसते. बशीच्या काठावरची सुंदर पट्टी कडेच्या वरच्या अंगावर उतरवली तर ती फक्त गच्चीवरच्या माणसाला दिसेल. पट्टी कडेच्या खालच्या अंगावर घ्यावी किंवा कड एका बाजूने ६ ते ७ सेंटिमीटर वर वळवावी.

यानंतरची अडचण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. चाकावर घडलेले भांडे गोल असते, माणसाचे डोके लंबगोल. ५७ सेंटिमीटर घेराचे डोके साधारण २० सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद असते. त्याच घेराचे वर्तुळ काढले तर व्यास येतो १८ सेंटिमीटर. म्हणजे गोल हॅट कपाळाला आणि मागच्या उंचवट्याला एकेक सेंटिमीटर दाबणार आणि दोन्ही कानांवर एकेक सेंटिमीटर सैल राहणार. दाबामुळे डोके दुखते आणि सैलपणामुळे हॅट गरगर फिरते. उपाय ठोकळ्यात आहे. डोक्याच्या रेषेवर लंबगोल ठेवायचा आणि ५ ते ६ सेंटिमीटर उंचीपर्यंत तो हळूहळू गोल करत न्यायचा. घेर दोन्हीकडे सारखाच असल्याने फेल्ट जादा ताणावे लागत नाही आणि पाहणाऱ्याला हॅट गोलच वाटते. माप घेताना टेप कानांच्या वर एक सेंटिमीटर, कपाळाच्या मध्यावरून आणि मागच्या उंचवट्यावरून फिरवावा.

फुगीर पोटाच्या सुरईवरून किंवा बरणीवरून हॅट करायची असेल तर नवशिका हटकून अडतो. पोट ७५ सेंटिमीटर घेराचे आणि डोक्याची रेषा ५७ सेंटिमीटरची असेल, तर वाळलेले फेल्ट ठोकळ्यावरून निघतच नाही. कुंभारालाही हीच अडचण असते, म्हणून तो प्लॅस्टरचा साचा अनेक तुकड्यांचा करतो. हॅटवालेही तुकड्यांचा ठोकळा वापरतात: मधली किल्ली आधी ओढून काढायची, मग बाकीचे तुकडे एकेक करून आतून बाहेर घ्यायचे. असा ठोकळा सुताराकडून नेमका करून घेणे सोपे नाही. दुसरा मार्ग चीनमधल्या चौदाव्या शतकातल्या कारागिरांचा आहे. मोठ्या निळ्या-पांढऱ्या बरण्या ते भागाभागांनी घडवत आणि ओल्या मातीने जोडत. हॅटचेही तसेच करावे: वरचा घुमट फेल्टच्या शंकूतून (हॅटसाठीचे कोरे फेल्ट अशा शंकूच्या आकारात मिळते), खालचा भाग बकरमच्या वक्र पट्टीतून, आणि जोड पोटाच्या सर्वांत रुंद रेषेवर. वरच्या भागाची एक सेंटिमीटर माया खालच्यावर घ्यायची आणि आतल्या बाजूने हॅटची सुती आवरणाची तार काजटाक्यासारख्या टाक्याने बसवायची. तारेची टोके मागच्या मध्यावर ४ ते ५ सेंटिमीटर एकमेकांवर चढली पाहिजेत, नाहीतर तिथे टोक उभे राहते आणि पोटाला कोपरा येतो. बाहेरून जोडावर दोन बारीक निळ्या दोऱ्या शेजारी शेजारी टाकाव्यात. त्या बरण्यांवर नक्षीचे पट्टे वेगळे करणाऱ्या दुहेरी रेघा असतातच, त्यामुळे हा जोड परका वाटत नाही.

आता रंग, आणि रंगातही आधी पांढरा. निळ्या-पांढऱ्या भांड्यांवरून केलेल्या बहुतेक हॅट्स इथेच फसतात. पांढरा एकच असतो असे धरून दुकानातला सर्वांत लखलखीत पांढरा आणला जातो आणि त्यावर कुठलाही निळा प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसू लागतो. चीनमधल्या चिंगदचेनच्या चिनीमातीचा पांढरा किंचित निळसर असतो, कारण मातीत आणि झिलईत लोहाचा अंश असतो आणि भट्टीत हवा कमी ठेवलेली असते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा पांढरा दुधाळ, कारण तो मातीचा नसून झिलईत मिसळलेल्या कथलाच्या भस्माचा आहे. खाली पिवळसर माती असते आणि काठावर झिलई पातळ झाली की ती डोकावते. फ्रान्समधल्या सेव्हरच्या अठराव्या शतकातल्या मऊ चिनीमातीचा पांढरा सायीसारखा उबदार. आधी हा पांढरा ठरवा. ब्लीच न केलेले लोकरी फेल्ट मुळातच सायीच्या रंगाचे असते, तेव्हा सेव्हरसाठी ते तसेच चालते. चिनी पांढऱ्यासाठी त्याला निळ्याचा अगदी जेमतेम जाणवणारा हात द्यावा लागतो. शंकू तासभर पाण्यात भिजवून मगच रंगाच्या पाण्यात सोडावा, पाणी ८० ते ८५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये, जोरात ढवळू नये आणि त्याच पाण्यात निवू द्यावा. खळखळ उकळले किंवा एकदम गार पाण्यात टाकले तर लोकर आवळते आणि ५७ च्या हॅटसाठी आणलेला शंकू ५४ लाही पुरत नाही.

पांढऱ्या हॅटचा आणखी एक शत्रू म्हणजे लाखेची खळ. फेल्ट कडक करायला लाखेचे द्रावण उत्तम, पण साधी लाख पिंगट असते आणि पांढऱ्या फेल्टवर महिन्याभरात पिवळे डाग उठतात. रंग काढलेली लाख वापरावी किंवा पाण्यात विरघळणारी पीव्हीए खळ, एका भागाला तीन ते चार भाग पाणी. ती नेहमी आतल्या अंगाने ब्रशने लावायची. बाहेरून लावली तर वाळल्यावर पांढरट चकाकी उमटते आणि ती जात नाही. पीव्हीए दमट हवेत नरम पडते, म्हणून रुंद कडेला तारेचा आधार हवाच.

निळ्याची गोष्ट अशी की कोबाल्टचा निळा कधीच सपाट नसतो. चिनी भांड्यावर तो कच्च्या मातीवर रंगवलेला असतो, वर झिलई आणि मग एकच भाजणी. मातीने रंग लगेच शोषल्यामुळे जिथे कुंचला थांबला किंवा दुसऱ्यांदा फिरला तिथे गडद ठिपके साठतात. ब्रिटिश म्युझियममधल्या १३५१ सालच्या डेव्हिड कलशांवरचा ड्रॅगन जवळून पाहिला की हे चढउतार लगेच दिसतात. डेल्फ्टचे कारागीर आधी गडद रेघेने आकृती बांधत, मग आतून पातळ निळा भरत आणि सर्वांत वर पारदर्शक शिशाच्या झिलईचा हलका शिडकावा देत, म्हणून त्यांचा निळा ओला वाटतो. कापडावरच्या छपाईत रंग पृष्ठभागावर बसतो, प्रकाश आत शिरून परत येतच नाही. त्यामुळे छायाचित्र कितीही चांगले असले तरी निकाल मेलेला येतो.

हॅटमध्ये ही खोली थरांनी आणता येते आणि त्यासाठी सिनामेसारखे दुसरे साहित्य नाही. आबाका नावाच्या केळीवर्गीय झाडाच्या तंतूचे हे विरळ कापड. खालचा थर पांढरा, त्यावर हाताने रंगवलेली निळी नक्षी, वर आणखी एक पांढरा विरळ थर. वरचा थर झिलईचे काम करतो: नक्षी आतून दिसते आणि मान हलली की कमीजास्त होते. कापड कोमट पाण्यात भिजवून, ठोकळ्यावर आधी पातळ प्लॅस्टिक गुंडाळून, उरेब दिशेला ताणत टाचण्या लावायच्या. नक्षी मात्र पहिला थर पूर्ण वाळल्यावर, ठोकळ्यावर असतानाच काढायची. सपाट कापडावर आधी काढली तर घुमटावर ताणताना फुलांची तोंडे वेडीवाकडी होतात. दोन्ही थरांची वीण जवळजवळ एका दिशेत ठेवली तर त्यांच्या जाळ्या एकमेकांवर येऊन पाण्याच्या लाटांसारखे पट्टे दिसू लागतात आणि नक्षी बुडते. वरचा थर ४५ अंशांनी फिरवला की ते पट्टे इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत. रंग पक्का करण्यापूर्वी त्याचा नमुना दिवसाच्या उजेडात आणि पिवळ्या दिव्याखाली, असा दोन्हीकडे पाहावा. कोबाल्टचा निळा पिवळ्या दिव्यात जांभळ्याकडे झुकतो. कापडाचे काही निळे उलट हिरवट होतात आणि संध्याकाळच्या समारंभात सगळी किमया जाते.

सेव्हरकडे वळतो, कारण आपल्या लेखात सर्वाधिक छायाचित्रे तिथलीच होती. हा कारखाना १७४० मध्ये व्हँसेनला सुरू झाला आणि १७५६ मध्ये सेव्हरला हलला. त्याचा आकाशी निळा १७५३ चा, तांब्यापासून केलेला, तर गुलाबी १७५७ च्या सुमाराचा. या भांड्यांवर रंगाची जमीन सगळीकडे नसते. मधे पांढऱ्या खिडक्या राखलेल्या असतात, त्यांत फुले किंवा पक्षी, आणि खिडकीभोवती सोन्याची चौकट. ती चौकट केवळ थाटासाठी नाही. जमिनीच्या रंगाची कड भाजताना सरळ राहत नाही, तिचा ओबडधोबडपणा सोने झाकते. हे कळले की हॅटवर काय करायचे ते आपोआप सुचते. आकाशी फेल्टमध्ये खिडकी कापा, मागून सायीच्या रंगाचे दुसरे फेल्ट लावा आणि कापाच्या रेषेवर सोनेरी दोरी बसवा. फेल्टचे धागे सुटत नाहीत, म्हणून काठ दुमडायची गरज नाही. मागचा तुकडा खिडकीपेक्षा सगळीकडून दीड सेंटिमीटर मोठा घ्या आणि खिडकी ठोकळ्यावर आकार आल्यानंतरच कापा. आधी कापली तर वाफेवर ताणताना लंबगोल खिडकीची फट होते. सोन्याची दोरी खिडकीवर बसली तर ती काहीतरी झाकते आहे हे दिसते. उगाच माथ्यावर फिरवली तर मिठाईच्या खोक्यासारखी वाटते.

फेल्टला मनापासून शोभणारे ऐतिहासिक मृत्पात्र मात्र आमच्या मते दुसरेच आहे: इंग्रज कुंभार जोसाया वेजवुड यांनी १७७० च्या दशकात सिद्ध केलेले जॅस्पर. याला झिलई नाही. रंग मातीच्या अंगातच आहे, पृष्ठभाग मंद, आणि वरच्या पांढऱ्या आकृत्या वेगळ्या साच्यात दाबून पाण्याच्या हाताने चिकटवलेल्या. फेल्टही रंग अंगात मुरवणारे आणि मंदच, त्यामुळे चकाकीचा प्रश्नच उरत नाही. पण सरसकट पांढरी आकृती कापून लावली की ती शाळेच्या बिल्ल्यासारखी दिसते. वेजवुडच्या उत्तम कामात पांढरा थर जिथे पातळ आहे तिथून निळी जमीन झिरपते आणि वस्त्राच्या चुण्या त्यातूनच तयार होतात. १७८९ च्या सुमारास पूर्ण झालेली पोर्टलँड कलशाची प्रत यासाठी पाहावी. मूळ कलश रोमन काचेचा आणि वेजवुड यांना त्याची मातीतली प्रत साधायला काही वर्षे लागली. हॅटवर यासाठी तीन जाडींचे पांढरे लागते: सर्वांत पातळ भागाला रेशमी जॉर्जेटचा एक थर, मध्यमाला दोन, आणि चेहरा, हात, गुडघा अशा उंच जागांना एक मिलिमीटर फेल्ट. जॉर्जेटच्या काठाला पातळ खळ लावून वाळवूनच कात्री चालवावी, नाहीतर धागे सुटतात. टाके खालून वर काढताना फेल्टच्या अर्ध्या जाडीतूनच न्यावेत. आरपार गेले तर आत गाठींची रांग होते आणि ती कपाळाला टोचते.

इझनिकच्या फरशांचा धडा याहून वेगळा. सोळाव्या शतकातल्या या तुर्की कामात आतली माती गारगोटीच्या भुकटीची, तिच्यावर पांढरा लेप, त्यावर रंग आणि वर स्वच्छ झिलई. इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीत ते भिंतीभर पाहायला मिळते. त्यातला टोमॅटोसारखा लाल लोहयुक्त मातीचा, जाड लावावा लागणारा, म्हणून हाताला किंचित उंच लागतो. बाकीचे रंग सपाटच. हॅटवर सगळी नक्षी उठावाची केली तर ही ओळखच पुसली जाते. फक्त लाल भाग खाली धावदोऱ्याचा भराव देऊन सॅटिन टाक्याने उचलावा, निळा आणि हिरवा सपाट राहू द्यावा. फरशीचे सपाटपण सांभाळायला उभ्या भिंतीची, सपाट माथ्याची, ७ ते ८ सेंटिमीटर उंचीची डबीसारखी हॅट उत्तम. इथे नक्षीची आवृत्ती मोजणे महत्त्वाचे. ५८ सेंटिमीटरच्या पट्टीवर १२ सेंटिमीटरची आवृत्ती बसवली तर मागे १० सेंटिमीटरचे कापलेले फूल उरते. आवृत्तीची लांबी न ठरवता संख्या ठरवावी, समजा पाच. मग ५८ ला ११.६ सेंटिमीटर, ५५ ला ११. लहानमोठ्या मापांसाठी फुले ताणू नयेत, फुलांमधली मोकळी जागा कमीजास्त करावी.

जर्मनीतल्या माइसेनच्या हिमगोल फुलांच्या भांड्यांबद्दल लेखात एकच ओळ होती, पण ते काम टोपीवाल्यांसाठी खाणच आहे. १७३९ च्या सुमारास योहान योआखिम केंडलर यांनी सुरू केलेल्या या शैलीत अख्खे भांडे चिमुकल्या पाकळ्यांच्या फुलांनी झाकलेले असते आणि प्रत्येक फूल हाताने बसवलेले. नऊ सेंटिमीटर त्रिज्येच्या अर्धगोल माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ५१० चौरस सेंटिमीटर भरते. १२ मिलिमीटर व्यासाचे फूल सव्वा चौरस सेंटिमीटरही व्यापत नाही. फुले एकमेकांवर चढवावी लागतात, म्हणून सहाशेच्या वर फुले धरून चला. ऑर्गंडीला आधी जिलेटिनची खळ द्या, वाळल्यावर ठोक-साच्याने कापा, गरम गोळीच्या हत्याराने मऊ गादीवर दाबून वाटीसारखा आकार द्या आणि मध्यातून एकाच टाक्याने शिवा. सुरुवात खालच्या काठापासून, रांग सरळ न ठेवता. सरळ रांगा झाल्या की मक्याचे कणीस दिसते. अशी सहाशे फुले पंचवीस ग्रॅमच्या आत बसतात. खऱ्या चिनीमातीची केली आणि फूल एक ग्रॅमचे धरले तरी सहाशे ग्रॅम डोक्यावर येतात.

तडे गेलेल्या झिलईचे आकर्षण आज फार आहे. तडा का जातो हे कळले तर तो काढता येतो. भट्टीतून निवताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसते, ताणली जाते आणि फुटते. पहिले तडे लांब जातात, नंतरचे त्यांना येऊन मिळतात आणि बहुधा काटकोनात थांबतात. म्हणून मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन काढले की ते खोटे दिसते. चीनमधल्या ‘गं’ (Ge) प्रकारच्या भांड्यांवर तड्यांच्या दोन जाळ्या असतात, मोठी काळसर आणि तिच्या आत बारीक सोनेरी-पिंगट. हॅटवर आधी गडद जाड धागा लांब रेषांत पसरून बारीक टाक्यांनी बसवावा, मग पिंगट एकेरी रेशीम त्या रेषांना काटकोनात जोडत न्यावे. लाखेचा जाड थर देऊन तो मुद्दाम फोडण्याचा प्रयोग काहीजण करतात. पहिल्या दिवशी छान दिसतो, पण कड वाकली की कपच्या गळून खांद्यावर पडतात. फुटलेले भांडे सोनेरी रेघेने सांधण्याच्या जपानी पद्धतीबद्दलही हेच: सोनेरी रेघ तिथेच असावी जिथे हॅट खरोखर दोन तुकड्यांतून जोडलेली आहे.

आता रेझिन. फेल्ट आणि सिनामे वाकणारे साहित्य आहे, घट्ट झालेले इपॉक्सी रेझिन वाकत नाही. हॅट उचलताना बोटांनी दाबली की थराला तडा जातो, आणि उन्हात तो पिवळाही पडतो. चकाकीसाठी घट्ट विणीचे जाड रेशमी सॅटिन उरेब कापून बकरमच्या आकारावर ताणावे आणि मधे पातळ फ्लॅनेलचा थर द्यावा. फ्लॅनेल विसरले तर बकरमची जाळी सॅटिनमधून उमटते. खरी झिलई सगळीकडे सारखी चमकत नाही. प्रकाश एका खांद्यावर गोळा होतो, काठावर थर पातळ असतो आणि खोलगट भागात दाट. सेलाडनच्या (हिरवट झिलईच्या) कोरीव वाडग्यात खोदलेल्या रेषा गडद दिसतात त्या यामुळेच. म्हणून खोलगट जागा एक छटा गडद, कडेचा काठ एक छटा फिका आणि डोक्याच्या रेषेवरची पीटरशॅम (आडव्या धारींची घट्ट) फीत भाजलेल्या कोऱ्या मातीच्या रंगाची ठेवावी. ही फीत डोक्याच्या मापापेक्षा एक सेंटिमीटर जास्त, शिवाय दोन सेंटिमीटर माया, आणि शिवण्याआधी वाफेच्या इस्त्रीने वक्र केलेली असावी.

खऱ्या चिनीमातीचे तुकडे लावण्याबद्दल साधा हिशेब पुरे. १० सेंटिमीटर चौरस आणि ३ मिलिमीटर जाड फरशीचे वजन ७० ग्रॅमच्या आसपास येते. अख्खी लोकरी हॅट १०० ग्रॅमच्या घरात असते. पूर्ण डोके झाकणारी हॅट २५० ग्रॅमपर्यंत सुसह्य, नुसती पिनांवर बसणारी छोटी सजावट १०० ग्रॅमपर्यंत, अशी मर्यादा आम्ही धरतो. शिवाय फुटलेली कपची डोळ्याजवळच पडते. मातीचा स्पर्श हवाच असेल तर १५ मिलिमीटरच्या दोन भोकी बटणापर्यंत थांबावे. माती १२ टक्के आकसत असेल तर ते कच्चे असताना १७ मिलिमीटरचे करावे लागते. भोकाच्या कडा भाजण्यापूर्वी ओल्या स्पंजने गुळगुळीत कराव्यात, नाहीतर त्या धागा कापतात, आणि बटणाखाली चामड्याची चकती द्यावी. उठाव हवा पण वजन नको असेल तर उष्णतेने वळणारे प्लॅस्टिकचे पत्रे आहेत. घेताना ते कितीला मऊ होतात हे विचारावे. ९० अंशांना मऊ होणारे चालतात. ६० अंशांना मऊ होणारे उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत आकार सोडू शकतात.

डेल्फ्टच्या मनोऱ्यासारख्या फुलदाण्यांवरून उंच हॅट करणाऱ्यांसाठी एवढेच: तेच वजन डोक्यापासून ५ सेंटिमीटरऐवजी १५ सेंटिमीटरवर गेले, तर मान कलली की हॅट ओढली जाण्याचा जोर तिप्पट होतो. वरचे मजले सिनामेचे पोकळ ठेवा, वजन खालच्या कड्यात ठेवा आणि लवचिक दोरी कानामागून, डोक्याच्या मागच्या उंचवट्याखालून घ्या. हनुवटीखालून घेतली तर उंच हॅट मागे कलते.

तयार हॅट देण्याआधी ती दोन तास डोक्यावर ठेवून पाहावी: खाली वाकून बुटाची नाडी बांधावी, दोन्हीकडे मान वळवावी, गाडीत बसावे, कोणाला तरी आलिंगन द्यावे. कपाळावर लाल रेघ उमटली तर डोक्याची रेषा पुरेशी लंबगोल नाही. हॅट फिरली तर फीत सैल आहे. मागे घसरली तर वजन चुकीच्या जागी आहे.

आपल्याकडे एक विनंती आहे. या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा हॅट आणि मूळ भांडे यांची समोरून काढलेली छायाचित्रे शेजारी शेजारी छापून थांबू नका. हॅट आतून, मागून आणि बाजूने दाखवा, भांड्याचा तळ आणि काठही दाखवा, आणि खाली हॅटचे वजन, साहित्य आणि जोडांची जागा छापा. मूळ भांडे कोणत्या संग्रहालयात आहे, कोणत्या काळातले आणि कशा पद्धतीने घडवलेले, हेही एका ओळीत मावते. शिकणाऱ्याला नक्षीच्या मोठ्या छायाचित्रापेक्षा त्या ओळीचा उपयोग जास्त होईल.

आपले,
हॅट घडवणारे आणि मातीकाम करणारे काही वाचक